जिन्यावरचं लाल बटण

सेलकर्क
११ जानेवारी

आई,

नाही. तुझं घर गरम ठेवणारी भट्टी मी बंद केलेली नाही, नळांतलं पाणी काढून टाकलेलं नाही, आणि घर विकत मागणाऱ्या मिहाल्चुक नवरा-बायकोला किल्लीही दिलेली नाही. फोन आपटायच्या आधी एवढं ऐकून घेतलं असतंस तर मला हे लिहायला बसावं लागलं नसतं. फोनवर तू रडतेस, मग मी ओरडते, मग लोआ मावशी मधे येऊन इकडचं हवामान विचारते. त्यापेक्षा कागद बरा.

मावशीकडच्या उबदार हवेत तुझा खोकला कसा आहे? मावशीला माझी आठवण सांग. इथे मी बरी आहे. झालं, रीतीचं लिहून झालं.

आता ऐक. काल दुपारी तुझ्या समोरच्या घरातून स्टेफानिया काकूचा फोन. "रुना, तुझ्या आईच्या घराने परत डोळा लाल केलाय गं." म्हणजे खिडकीतला तुझा दिवा लागला होता. आपल्या गल्लीत हिवाळ्यात घर सोडून जाणाऱ्या सगळ्यांनीच तो ठेवलाय, घर फार गार पडलं की आपोआप लागणारा. पण बाकीच्यांचे साधे पिवळे. लाल बल्ब तुझाच. काकू म्हणते, खिडकीतून कोणी टक लावून बघत असल्यासारखं वाटतं, मी जेवताना पडदा ओढून घेते.

कामावरून तशीच निघाले. रस्ता कुठे आणि शेत कुठे ते कळत नव्हतं, सगळं एकच पांढरं. घरात शिरले तर तोंडातून वाफ. बाबा सांगायचे तसं आधी तळघराच्या जिन्याच्या पायरीवर बसून नुसतं ऐकलं. छोटा पंखा फिरायचा, टिकटिक व्हायची, मग काहीच नाही. परत पंखा, परत टिकटिक, परत काहीच नाही. मग भट्टी दमून गप्प. काचेमागचा बारीक दिवा लुकलुकत होता. झाकणाच्या आत चिकटवलेल्या पाटीवर बघितलं तर एवढ्या वेळा लुकलुकला म्हणजे हवा अडलीय.

बाहेर जाऊन बघते तर घराच्या बाजूने येणाऱ्या दोन पांढऱ्या पाइपांपैकी धूर सोडणाऱ्याला हिमाची ही एवढी दाढी आलेली. वादळात बर्फ साचला, त्यावर भट्टीचीच वाफ गोठली. तिचा स्वतःचाच श्वास कोंडला होता. खराट्याच्या दांड्याने दाढी फोडली, आत येऊन बटण बंद-चालू केलं, लगेच पेटली. तासाभरात दिवा विझला. बस, एवढंच होतं.

तू मात्र का बिघडली हे विचारलंच नाहीस. तू विचारलंस, "खाली गेलीस तेव्हा तळघरातला बल्ब चालू होता का?" दरवेळी हेच विचारतेस. नव्हता चालू. काळोख होता. तळघरात काळोखच असतो.

रुना

---

सेलकर्क
२९ जानेवारी

प्रिय आई,

तुझ्या पत्रात फुलांबद्दल दोन पानं आहेत. जानेवारीत फुलं. इथे स्टेफानिया काकूला वाचून दाखवलं तर म्हणाली, तिला सांग, अशा ठिकाणी माणसं मऊ पडतात. मग स्वतःच म्हणाली, पण परत येऊ नकोस म्हणावं. काकूने तुझ्यासाठी आलुबुखाऱ्याचा थरांचा केक केलाय. पोस्टाने पाठवते. वाटेत मी थोडा खाल्लाय.

दिवा परत लागला होता. या वेळी आजार वेगळा. ज्योत पेटायची, निळी, छान, आणि आपण हुश्श म्हणेपर्यंत विझायची. पेटायची, विझायची. हे मला बाबांच्या वेळेपासून माहीत आहे. ज्योतीत एक बोटाएवढी दांडी असते, ज्योत लागलीय की नाही हे ती ओळखते. ती मळली की तिला समोरची आग दिसत नाही, मग भट्टी घाबरून गॅस तोडते. मी ती काढली, बारीक तारेच्या चोथ्याने पुसली, परत बसवली. तेवढ्याने चालू.

म्हणजे आग होती. दांडीला ती दिसत नव्हती. हे मी तुला का सांगतेय ते तुला कळेल, कारण तुझं बरोबर उलटं झालंय. आग नाही आणि तुला ती दिसते.

परवा फोनवर जे सांगितलंस त्याबद्दल बोलूया. मागच्या हिवाळ्यात तू एकटी होतीस तेव्हा सकाळी घर थंडगार असायचं, जिन्यावरचं भट्टीचं लाल बटण खाली, बंद असायचं आणि तळघरातला बल्ब जळत असायचा. एकदा नाही, बरेचदा. तू कोणाला काही न सांगता बटण वर करायचीस. आणि म्हणून तू तो लाल दिवा खिडकीत ठेवून गेलीस. नळ फुटू नयेत म्हणून नाहीच.

आई, त्या बटणात कारी चुकायचा हे त्याची बहीण म्हणून मलाही तुझ्याइतकंच आठवतं. बाबांनी भट्टीचं बटण दाराजवळ बसवलं आणि दिव्याचं पलीकडे. आपण सगळे चार दिवसांत शिकलो. कारी कधीच शिकला नाही. खाली बसून मासेमारीची जाळी विणायची, काखेत माशांचा टब घेऊन वर यायचं, दिवा विझवतोय असं समजून भट्टी बंद करायची. खाली बल्ब रात्रभर जळायचा आणि वर आपण गोठायचो. मी अंथरुणातूनच ओरडायचे, "कारी, गोठवलंस परत." तो म्हणायचा, "मासे टिकतात गं, तू पण टिकशील."

पण तू त्या घरात एकटी होतीस, औषधं घेत होतीस, खाली लोणचं आणायला जात होतीस. माणसाचा हात चुकतो. कारीचा चुकायचा, तुझाही चुकला. याच्यापुढे काही नाही.

"तो आला तर कुठे जाईल?" असं तू म्हणालीस, त्याचं उत्तर बाकी होतं. आत्ता लिहिते. कारी तळ्यावरचा नवीन, पातळ बर्फ फुटून पाण्यात गेला. त्याची गाडी वर काढली, जाळी काढली, एक हातमोजा काढला. तो मिळाला नाही. न मिळणं म्हणजे परत येणं नव्हे. डॉक्टरने तुला काय सांगितलंय ते मी परत लिहीत नाही. अजून एक हिवाळा त्या घरात काढलास तर तो शेवटचा. मिहाल्चुकना वसंतात तळ्यावरचा बर्फ फुटल्यावर घर हवंय. तुझी सही झाली की झालं. सही कर.

बल्ब या वेळीही बंदच होता. विचारण्याआधीच सांगितलं.

एक मात्र खरं, ओट्याजवळच्या जमिनीतल्या गरम हवेच्या लोखंडी जाळीतून खालचे आवाज फार वर येतात. मी चहा घेत बसले होते आणि खालून टक, टक, टक. जाळी विणायची सुई लाकडावर वाजते ना, तसं. भट्टीची हवा वर आणणारे पत्र्याचे नळ गार होताना वाजतात. तुला माहीतच आहे.

तुझी
रुना

---

सेलकर्क
१६ फेब्रुवारी

आई,

दिवा लागला होता. फिल्टर भरला होता. बदलला.

रस्ते वाईट आहेत म्हणून जास्त लिहीत नाही. रस्त्यांचा आणि लिहिण्याचा काय संबंध असं तू म्हणशील. स्टेफानिया काकू बरी आहे. केक मिळाला का?

बल्बचं दरवेळी काय विचारायचं.

रुना

---

घर, तळघराचा जिना
६ मार्च

कारी,

तू ऐकत असशील तर मधे बोलू नकोस. आणि ऐकत नसशील तर मी एका रिकाम्या जिन्यावर बसून कागद काळा करतेय, हे कोणाला कळायची गरज नाही. काकूला सांगितलंय की मी नळ बघायला आलेय.

फिल्टर भरलेला नव्हता. ते मी आईला खोटं लिहिलं. फिल्टर काढून उजेडाला धरला तर आरपार दिसत होतं. बाहेर जाऊन पाइप बघितले, कोरडे. काचेमागचा दिवा लुकलुकतच नव्हता, म्हणजे भट्टीला काही झालेलंच नव्हतं, तिची वीजच तोडलेली होती. मग वर बघितलं. लाल पाटीतलं बटण खाली होतं. आणि मी बल्बच्या उजेडात उभी होते, जो मी लावलेला नव्हता.

पहिल्यांदा मी चोर म्हटलं. पुढच्या दाराला कुलूप, मागच्या दाराला कुलूप. घराभोवतीच्या बर्फावर माझीच पावलं, येणारी. मी बटण वर केलं आणि घरी गेले, आणि रात्री झोपेत तुझं ते "मासे टिकतात" ऐकत राहिले.

नंतरच्या खेपेला मी त्या बटणावर चिकटपट्टी लावली. जाड, करड्या रंगाची, आडवी आणि उभी. परत आले तेव्हा बटण खाली, बल्ब चालू, आणि चिकटपट्टी फाडून फेकलेली नव्हती. ती नीट सोडवून कठड्याला लावून ठेवलेली होती, टोक दुमडून, म्हणजे पुढच्या वेळी नखाला लगेच सापडावं. आईला दोऱ्याचा तुकडाही टाकू न देणारा माणूस जसं करतो तसं.

मग मी अर्धा तास हसले, कारी. खरं सांगते. भीती फार वाटली, पण त्याआधी हसू आलं. मेल्यावरही शिकला नाहीस तू.

आता मी काय केलं ते सांगते. मेन बंद केला, पाटी उघडली आणि तारांची अदलाबदल केली. बाबांनी चुकीच्या जागी बसवलेलं मी उलटं करून टाकलं. आता दाराजवळचं बटण दिव्याचं आहे, तुझा हात जिथे जातो तेच. लाल पाटी पलीकडे हलवली. आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं तुला शिकवायचं म्हटलं, जिन्याला शिकवायचं कोणालाच सुचलं नाही.

आणि जाताना मी बल्ब मुद्दाम चालू ठेवला.

आज आले. बाहेरूनच दिसलं, बाजूच्या पाइपातून वाफ निघत होती, एकसारखी, झोपलेल्या माणसाची असते तशी. खिडकीतला लाल दिवा बंद. आत ऊब. भट्टी चालू. मी तळघराचं दार उघडलं.

काळोख होता.

मी दार तसंच उघडं ठेवलं. मग ओट्याजवळ जाऊन बसले. जाळीतून आवाज आला. टक, टक, टक. पत्रा गार होताना वाजतो असं मी आईला लिहिलं होतं. पण पत्रा गरम होता, कारी. मी हात लावून बघितला.

म्हणून आता बल्ब लावून इथे पायरीवर बसलेय. तुझी अर्धी जाळी अजून खिळ्याला लटकलीय. ती वाढलीय की तेवढीच आहे हे मी मोजणार नाही.

मला फक्त आईचं सांगायचंय. ती अजून रोज विचारते. तू येतोस असं मी तिला सांगितलं तर ती मिळेल त्या विमानाने येईल, या पायरीवर शाल घेऊन बसेल आणि खोकत खोकत तुझी वाट बघेल. आणि इथल्या हवेत ती उन्हाळा बघणार नाही. तुला ते चालेल असं मला वाटत नाही. तू कधी काही मुद्दाम केलं नाहीस. तुझे फक्त हात चुकतात.

आता घर गार पडणार नाही. खिडकीतला दिवा लागणार नाही. बल्ब चालू होता का असं ती विचारेल, मी नाही म्हणेन, आणि ते खोटं नसेल. सहा-सात वेळा नाही ऐकलं की ती सही करेल. तिचा लाल दिवा मी आज काढून नेतेय. स्टेफानिया काकूला जेवताना पडदा तरी उघडा ठेवता येईल.

बर्फ फुटला की हे घर मिहाल्चुकचं. त्याची बायको पोटुशी आहे, तुला सांगून ठेवते. बटणं कुठली कशाची ते मी त्यांना सांगेन. तुझ्याबद्दल नाही सांगणार. तोवर तू बस, वीण, ऊब घे. तोवर ते तुझं घर आहे.

आणि नंतर. मी खूप विचार केला. आईला तुझ्याबद्दल सांगायचं नाही हे मी ठरवलं, पण तिला तू भेटायचं नाहीस असं मी कोण ठरवणार? लोआ मावशीचा पत्ता या कागदाच्या मागे लिहिलाय. व्हिक्टोरिया, समुद्राच्या बाजूचं घर, निळं दार. समुद्र तिथे गोठत नाही. तळघर नाही. भट्टीच नाही, भिंतीलगत विजेच्या गरम पट्ट्या आहेत. आईच्या खोलीत एकच बटण आहे, ते दिव्याचं. ती रात्री वाचता वाचता झोपते आणि दिवा तसाच राहतो. तो तू विझव. सकाळी तिला कळेल. मला विचारायची तिला गरज उरणार नाही.

इथे मात्र येऊ देऊ नकोस तिला. एवढंच माझं मागणं आहे. पूर्वी कधी मागितलं नव्हतं.

सुकवलेला मासा आणि लोणी खालच्या फळीवर ठेवलंय. खाशील असं नाही, पण रिकाम्या हाताने यायला बरं वाटेना.

आता मी उठतेय. तू काही बोललास तर माझ्याने जाववणार नाही, आणि मला जायचंय, अंधार पडायच्या आत रस्ता गाठायचाय. कागद पायरीवर ठेवते. बल्ब चालूच ठेवून जातेय. मागचं दार लागल्याचं ऐकलंस, गाडी सुरू झाल्याचं ऐकलंस, की मगच हात लाव. दाराजवळचं. तुझ्या सवयीचं.

तुझ्यामुळे कायम गारठलेली,
रुना