आर्द्राच्या पान्याची बरनी

बा,

तुहा पंखा आता गोठ्यात पडला हाय. सागाचे दोन पाते होते, त्यातलं एक मायनं झडीच्या दिवसात चुलीत घातलं, ओल्या पऱ्हाट्या पेटत नव्हत्या म्हनून. दुसऱ्यावर मी चवळीच्या शेंगा वाळू घालते. बॅटरी गव्हानीखाली हाय. तिले कोनी हात लावत नाई, मी बी नाई. तुले जाऊन पाच सालं झाले. मी सतरा वर्साची झाली, अन् अजून चार मानसासमोर तोंड उघडत नाई. तू मले "माही मुकी" म्हने, तशीच हाय. म्हनून कागदावर बोलून पाहून राह्यली. ती बॅटरी कशानं मेली ते मले ठाव हाय. तुले ठाव नव्हतं.

महाराष्ट्र झाला त्या साली मी चौथी पास झाली अन् माही शाळा सुटली. पुढची शाळा नांदुऱ्याले, दोन कोस, पोरीले एकटं कोन धाडते. तू तवा कापसाच्या जीनमधी इंजनावर मिस्तरी होता. भंगारातून तू ट्रकचा डायनॅमो आनला, सायकलचं चाक अन् पट्टा लावून तो पंख्याले जोडला, अन् मळ्यातल्या खांबावर चढवला. लोकं वाटेनं जाता जाता उभे राहत. शेजारचा काका खालून ओरडला, "काऊन बे मिस्तरी, यंदा वारा पेरला काय?" "हाव," तू वरून म्हनला, "अन् पेवात भरून ठेवीन. तुह्या ज्वारीले कीड लागते, माह्या वाऱ्याले नाई लागत." तुहं पेव म्हंजे ती बॅटरी. दिवसभर वारा तिच्यात भरे, अन् दिवेलागनीले तू ट्रकचा तो बारका बल्ब आढ्याले लटकवे. मी पाटी घेऊन खाली बसो. तू म्हने, "सातवीची परीक्षा घरून बी देता येते. दिवा आपला, मास्तर आपला, कोनाच्या बापाचं काय जाते?" मले खरंच वाटे का मी सातवी होईन.

बॅटरीले पानी लागते, हे बी तूच सांगतलं. तिच्या वर सहा भोकं, आत पानी कमी झालं का वरून टाकाचं, प्लेटा उघड्या पडू द्याच्या नाई. पन आपल्या खारपानाच्या विहिरीचं पानी तिले चालत नाई, मीठ तिले खाऊन टाकते. म्हनून तू पावसाचं पानी धरे. मृगाचं नाई, मृगाच्या पान्यात उन्हाळ्याची धूळ राह्यते म्हने. आर्द्रा लागली का धुतलेलं धोतर अंगनात चार खुट्यांले बांधे, मधात एक गोटा ठेवे, अन् खाली लोनच्याची चिनी मातीची बरनी. धारेखाली बरनी भरेलोक तू भिजत उभा. एका बरनीत सालभर पुरे. तोंडाले फडकं बांधून तू ती फळीवर ठेवे अन् मले म्हने, "हे देवाच्या तीर्थापेक्षा जपजो."

माघात आक्काले पाहाले पाहुने येनार होते, साखरखेर्ड्याचे. आधीचे एक पाहुने येऊन गेले होते. त्यायनं दाळ चावून पाह्यली अन् घरी गेल्यावर नाई म्हनून कळवलं. आपल्या पान्यात तुरीची दाळ शिजतच नाई, किती बी जाळ घाला, गिरगिर राह्यते. मायनं त्या सकाळी माह्या हातात कळशी देली. "काकाच्या घरी जाय. त्यायनं टेसनावरून गोड पानी आनलं हाय, एक कळशी माग. हे घाटावरचे लोकं हायेत, गोड्या पान्याचे. दाळ कच्ची राह्यली त म्हनतीन पोरीले सैपाक येत नाई." मी गेली. काकाच्या ओसरीत चार बाप्ये बसले होते. त्यातला एक म्हनला, "कोनाची वो पोरगी? काय पाह्यजे?" बा, एवढंच इचारलं त्यानं. मले "पानी" म्हनता आलं नाई. मी कळशी पदराखाली घेतली अन् मागच्या पायी घरी आली. माय आक्काचे केस इंचरत होती. चुलीवर भगोनं कोरडं होतं. मी फळीवरची बरनी काढली अन् भगोन्यात रिकामी केली.

दाळ शिजली. लोन्यासारखी शिजली. बरनी मी विहिरीच्या पान्यानं भरली, तसंच फडकं बांधलं, तशीच गाठ मारली. मनात होतं, पाहुने गेले का तुले सांगीन. पाहुने गेले, सोयरिक जमली, घरात गूळ वाटला, मंग त्या दिवशी कसं सांगू? दुसऱ्या दिवशी तू सकाळीच जीनमधी गेला. तिसऱ्या दिवशी मी घरामागं गोवऱ्या मोडत होती. अंदर आली त तू बरनी खाली घेतली होती अन् फनेलानं सहावं भोक भरून राह्यला होता. वाकून, श्वास धरून, एक थेंब बाहेर सांडू न देता. मी दारात उभी राह्यली. तू मान वर केली अन् हासला. "झालं, आता शिमग्यापावतर पाह्याचं काम नाई."

शिमग्याच्या आतच बल्ब लाल झाला. आधी तासभर जळे, मंग मी पाटीवर एक उदाहरन मांडेलोक. तुले वाटलं डायनॅमो गेला. तू खांबावर चढून तो खोलला, तार सगळी नवीन गुंडाळली, पट्टा बदलला, पाते रंध्यानं तासून बारीक केले. वारा त्या साली लय होता, पंखा नुसता गर्जे. शेवटी आपन बॅटरी पोत्यात बांधून मलकापूरले घेऊन गेलो, बॅटऱ्यावाल्याच्या दुकानी. त्यानं वास घेतला, काडी बुडवून पाह्यली. "मिस्तरी, प्लेटा खाल्ल्या गेल्या. पानी कोनतं टाकलं?" तू म्हनला, "आर्द्राचं, धोतरातून धरलेलं." तो हासला. "मंग तुमच्या धोतरातच मीठ असन." दुकानातले सारे हासले. तू नाई हासला. मी तुह्या मागंच होती बा, तुह्या सदऱ्याचा कोना माह्या हातात होता. दोनच शब्द सांगाचे होते, विहिरीचं पानी. येताना गाडीत तू एवढंच बोलला, "शिकलेल्या मानसाचं काम हाय ते. आपल्या हातात नाई."

मंग तू पंखा उतरवला. कंदील होता ना घरात, कंदिलाखाली बी सातवी झाली असती. पन तू पुन्हा पाटी घेऊन बसलाच नाई. जीनमधून ये, जेव, अन् भिंतीकडे तोंड करून पडे. दुसऱ्या पावसाळ्यात तुले ताप आला अन् तू गेला. धोतर त्या साली अंगनात बांधलंच नव्हतं. काका अजून म्हनते, "मिस्तरीचा वारा वाऱ्यावर गेला." मी ऐकते अन् खाली पाहते.

आता सरकारचे इजेचे खांब सडकेपावतर आले हायेत. आपल्या शिवाराले येत नाई म्हनतेत. आक्का तिकडं सुखात हाय, तिच्या घरी दाळ दोन उकळ्यात शिजते. तिले हे माईत नाई, मायले बी नाई. येत्या सोमवारी मले पाहाले येऊन राह्यले. मायनं आत्ताच सांगून ठेवलं, काकाच्या घरून पानी आनजो. मी हाव म्हनली. त्या ओसरीत माहं तोंड उघडनार नाई, मी आननार नाई, ते मले ठाव हाय. बरनीत आता लोनचं हाय, लोनच्यात मीठ.

हे लिहून काई होत नाई. प्लेटा परत येत नाई, तू येत नाई. कागद मी बॅटरीखाली सरकवून ठेवीन, तिथं कोनी पाहत नाई.

एक राह्यलं. त्या दिवशी पंगतीत तू दोनदा वरन मांगतलं. "आज दाळ कशी मोडली वो, कोन शिजवली?" मायनं रीतीनं आक्काचं नाव घेतलं. तू दाराआड माह्याकडे पाह्यलं अन् डोळा बारीक केला, जसं म्हनत होता, मले समजलं, मुकीचा हात हाय. बा, मले तवा पस्तावा नव्हता झाला. मले लय खुशी झाली होती.