श आणि ष यांच्यामधला फरक

मास्तर, ज्याच्याशी जर्मनबद्दल बोलावं असं माणूस तुमच्यानंतर वाशीममध्ये मला भेटलंच नाही, म्हणून हे तुम्हालाच लिहितो आहे. तुम्ही शाळेत संस्कृत शिकवायचात, आणि जर्मन पंडितांचे संस्कृतावरचे ग्रंथ वाचता यावेत म्हणून नुसत्या पुस्तकावरून जर्मन शिकला होतात. जर्मन माणसाचं बोलणं मात्र जन्मात ऐकलं नव्हतं. कापडाच्या रंगांची विद्या शिकायला माझं जर्मनीला जायचं ठरलं, तेव्हा रोज सकाळी तुमच्या ओसरीवर माझी शिकवणी चालायची. प्रत्येक जर्मन शब्दावर तुम्ही बारीक देवनागरी अक्षरं लिहून द्यायचात. "आपल्या बाराखडीत मावत नाही असा आवाज दुनियेत नाही," असं वर ऐकवायचात. त्यांच्याकडे चर्चला एक शब्द आणि एका लाल फळाला दुसरा, आणि दोघांत फरक फक्त मधल्या उच्चाराचा. तुम्ही एकावर श लिहिला, दुसऱ्यावर ष. आता आपल्याकडे श आणि ष वेगळे म्हणतो कोण? तुम्ही दोन्ही सारखेच म्हणायचात, मीही तसेच, आणि गुरुशिष्य दोघेही खुशीत. निघताना तुम्ही एवढंच मागितलंत, "येशीन तवा मले खरं जर्मन ऐकव. एकडाव कानानं ऐकाचं हाय."

तिकडे माझी पुरती फजिती झाली. घरमालकीणबाई ते दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणायच्या आणि मला दोन्ही एकच वाटायचे. कान शाबूत होते, पण डोक्यात तुमची अक्षरं बसली होती, आणि आलेला प्रत्येक आवाज त्यांतल्याच एकात जाऊन पडायचा. पुढे शब्द वाढले, भाजीवाल्याशी हुज्जत घालता येऊ लागली, लोकांची थट्टा कळू लागली. तसा तो फरक आधी वाक्यात लागला आणि मग सुट्या शब्दातही. माझ्यामागून आलेल्या नव्या पोरांना तो लागत नसे. भाषा जेवढी येते तेवढंच माणसाला ऐकू येतं, हे मला तिथे कळलं.

परत आलो तो तडक तुमच्याकडे. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला आहात, काकू चुलीपाशी भाकरी थापताहेत. मी दोन्ही शब्द म्हणतो. तुम्ही डोळे मिटता. "पुन्ना म्हन." मी सावकाश म्हणतो.

"काहून जी, दोनी एकच तं हायेत," काकू म्हणतात.

तुम्ही डोळे उघडता आणि म्हणता, "मलेबी एकच लागून राह्यले. तुले फरक समजते ना?" मी हो म्हणतो. "मंग झालं. जेव आता."

भाकरी माझ्या ताटात पडते आणि मी ती मोडून जेवू लागतो. मी ऐकवायला आलो होतो आणि तुम्हाला ते ऐकू आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात.

मग जर्मन बोलायला कुणी राहिलं नाही, मीही कापसाच्या धंद्यात पडलो. परवा शेजारच्या वकिलांच्या रेडिओवर लढाईच्या बातम्या जर्मनमधून लागल्या. मी कान देऊन बसलो. अर्थ थोडाफार लागला, तो फरक मात्र लागला नाही. सगळं पुन्हा एकच.

"इसरले काय जी जर्मन?" वकिलांनी विचारलं. मी हो म्हटलं. वाईट वाटायला हवं होतं, मास्तर. पण आता मलाही तुमच्यासारखंच ऐकू येत होतं, आणि मला तर सुटल्यासारखं वाटलं.