अनिमेषच्या नावाचा वर्ग

डॅलस,
३ मे २०२६

ती. सौ. संजूताईस,
निशिकांतचा सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस. पद्माकरराव उचलतात, पण बोलत नाहीत. म्हणून हे ई-मेलमधलं पत्र. आईला लिहायचो तसंच लिहितो आहे. शुद्धलेखनावरून बोल हवं तर, पण शेवटपर्यंत वाच.

१२ जुलैला आपल्या अनिमेषला जाऊन वर्ष होईल. मामा म्हणून मला काहीतरी करायलाच हवं. इथल्या मराठी मंडळात दिवंगतांच्या नावाने दरवर्षी एक कार्यक्रम होतो. गेल्या खेपेला रक्तदान होतं, त्याआधी नाट्यगीतांची मैफल. या वेळी मी सुचवलं आणि सगळ्यांनी उचलून धरलं : ‘कै. अनिमेष स्मृती स्वसंरक्षण वर्ग’. शनिवार, ११ जुलै. सहा तास, विनामूल्य, वर दुपारचं जेवण. कपड्याखाली पिस्तूल कसं बाळगावं, कायदा काय म्हणतो, हात केव्हा लावावा आणि केव्हा लावू नये. शिकवणार मीच. तीन वर्षं मी हे वर्ग घेतोच आहे.

टेक्ससमध्ये २०२१ पासून परवाना लागतच नाही. एकवीस वर्षं पूर्ण असावीत आणि नावावर गुन्हा नसावा, की झालं. मग वर्ग कशाला, असं तुला वाटेल. पण दुसऱ्या राज्यात गेलं की कायदा बदलतो. काही राज्यं आमचा परवाना मानतात, काही मानत नाहीत. परवाना जवळ असलेला बरा. तुमच्या सिंगापूरला हे झेपायचं नाही म्हणा. तुमचं सरकार काडेपेटीतल्या काड्याही मोजून देईल.

मला फक्त तुझी संमती आणि त्याचा एक फोटो हवा. नॅशनल सर्व्हिसमधला, म्हणजे तुमच्याकडच्या सक्तीच्या लष्करी सेवेतला, गणवेशातला असेल तर फारच शोभेल.

पद्माकररावांना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
निशिकांत

*

चोआ चू कांग,
१० मे २०२६

चि. निशिकांत यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. शुद्धलेखन ठीक आहे.

मला फार लिहिता येत नाही, हे तू जाणतोस. जमेल तसं लिहिते.

त्याच्या ऑफिसने त्याला नोकरीसाठी अमेरिकेत पाठवलं, तिथून तो तुझ्याकडे तीन दिवसांसाठी आला होता. शनिवारी तुझ्याबरोबर किराणा आणायला गेला. पार्किंगमध्ये तुमची ट्रॉली कुणाच्या तरी गाडीला घासली. त्या माणसाने शर्टाखालचं पिस्तूल काढलं आणि अनिमेषला काही कळायच्या आत गोळी झाडली. हे तूच मला सांगितलंस. त्याचं पिस्तूल कायदेशीर होतं, तुझ्या कमरेचंही कायदेशीर होतं, हेही तूच सांगितलंस. म्हणजे दोन कायदेशीर माणसं समोरासमोर होती आणि माझ्या मुलाच्या हातात तांदळाची पिशवी होती. पुढे ज्युरीने खटलाही उभा राहू दिला नाही. सगळं कसं नियमाला धरून झालं.

आता यावर तू वर्ग घेणार. कुणी काविळीने गेलं, तर तुमचं मंडळ त्याच्या नावाने गढूळ पाण्याची पाणपोई घालतं का? जेवणात गोड काय ठेवलं आहे, तेही कळव.

गणवेशातला फोटो तुला देणार नाही. दोन वर्षं तो रायफल उशाशी घेऊन झोपला. गोळीबाराचा सराव संपला की प्रत्येकाला मोठ्याने सांगावं लागे, की माझ्याजवळ एकही गोळी नाही, एकही रिकामं काडतूस नाही, सर. पहिल्या सुट्टीत त्याने स्वयंपाकघरात ताठ उभं राहून मला ते ओरडून दाखवलं आणि शेवटी ‘सर’च्या जागी इथल्या गप्पांतलं ‘लाह’ लावलं. शेजारच्या चिनी आजी दार उघडून बघायला आल्या. त्याच्या लेखी बंदुकीत मिरवण्यासारखं एवढंच होतं.

आमचं सरकार काड्या मोजत असेल. मोजू दे. तेवीस वर्षं तो इथे बसने, एमआरटीने हिंडला. समोरच्याच्या शर्टाखाली काय असेल, असा विचार मला कधी करावा लागला नाही.

पद्माकर बरा आहे. बोटीवरची नोकरी त्याने सोडली. रविवारी ईस्ट कोस्टला जाऊन नांगरलेली जहाजं बघत बसतो.

माझी संमती नाही. आशीर्वाद आहेत. बाकीचं पुढे बघू.

संजीवनी

*

डॅलस,
१७ मे २०२६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अनघाला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली, अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पाणपोईचं वाचून मला मात्र बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा माझी ताई बोलली. लहानपणी असंच एका वाक्यात मला रडवायचीस.

पण ताई, तू सिंगापूरच्या खिडकीतून बघते आहेस. इथे समोरच्याजवळ पिस्तूल असणारच, हे धरून चालावं लागतं. त्या दिवशी अनिमेषच्या हातात पिशवीऐवजी दुसरं काही असतं, तर तो आज जिवंत असता. हे मी रोज स्वतःला सांगतो. ते दुसऱ्या कुणाच्या मुलाला उपयोगी पडावं, एवढीच इच्छा आहे. अडतीस नावं आली आहेत, पत्रकं छापून झाली आहेत. आता नाव काढायचं म्हणजे लोकांना काय सांगू?

गणवेशातला नको तर साधा फोटो पाठव. धाकट्या भावाचा एवढा हट्ट पुरव.

तुझा,
निशिकांत

*

डॅलस,
२४ मे २०२६

ती. सौ. वन्संना,
अनघाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. हे मी वर्षापूर्वीच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, हा माझा दोष.

दुकानाबाहेरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण आम्हा दोघांना वकिलांनी दाखवलं होतं. तो माणूस शिव्या देत होता, हे खरं. पण त्याचे हात रिकामे होते. यांनी आधी शर्ट वर केला. पिस्तूल काढायला नाही, नुसतं दाखवायला, असं हे म्हणतात. ते बघून त्याने स्वतःचं पिस्तूल काढलं. अनिमेषला काही कळलं नव्हतं, हे खोटं आहे, वन्सं. त्यालाच सगळं कळलं होतं. पिशवी टाकून तो दोघांच्या मध्ये शिरला आणि मामाचा शर्ट दोन्ही हातांनी खाली ओढत होता. त्याची पाठ त्या माणसाकडे होती.

समोरच्याने आधी पिस्तूल दाखवलं, मी घाबरलो, असं त्या माणसाने सांगितलं आणि ज्युरीला ते पटलं. यांच्यावरही काही आलं नाही. कायद्याने दोघांनाही घरी पाठवलं.

यांनी हे कुणालाच सांगितलेलं नाही. वर्गात केव्हा हात लावू नये हे शिकवणार म्हणतात, तेव्हा मला या घरात बसवत नाही.

रागवा, पण परकी करू नका.

आपली,
अनघा

*

चोआ चू कांग,
३१ मे २०२६

चि. निशिकांत यास,
आशीर्वाद. वि. वि.

अनघाने मला सगळं लिहिलं आहे. तिला एक शब्द बोलू नकोस. बोललास तर मला कळेल.

आठवडाभर मी काही लिहिलं नाही. ऑफिसला गेले, आले, कपडे वाळत घातले. शर्ट वाळत घालताना थांबले.

त्याच्या हातात पिशवीऐवजी दुसरं काही असतं तर, असं तू लिहिलंस. नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाला तिथे सहसा बंदूक जवळ ठेवताच येत नाही. शिकवणाऱ्याला एवढं माहीत असेल, असं मी धरून चालले होते. शिवाय त्याच्या हातात दुसरं काही होतंच. तुझा शर्ट होता.

आता संमतीचं. देते. नाव लावा, फोटोही पाठवते, त्याच्या इथल्या बुओना व्हिस्टाच्या ऑफिसातल्या पहिल्या दिवसाचा. अट एकच. वर्ग सुरू होताना, कायद्याचं एक अक्षर बोलायच्या आधी, तू उभा राहून त्या दिवशी काय झालं ते सगळं सांगायचंस. तू काय केलंस, त्याने काय केलं. मराठीत सांग, म्हणजे वकिली भाषेत पळता येणार नाही. जमणार नसेल, तर त्याचं नाव पुन्हा कागदावर आणू नकोस आणि मला पत्रही लिहू नकोस.

एवढी मोठी सूट तुमच्या कुठल्याच राज्याचा कायदा तुला देणार नाही.

संजीवनी

*

डॅलस,
१२ जुलै २०२६

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

काल सांगितलं.

दीड महिना तुला लिहिलं नाही, कारण जमेल की नाही हे माहीत नव्हतं. सकाळपर्यंत माहीत नव्हतं. हॉलमध्ये एक्केचाळीस लोक होते. मी मराठीत बोललो. मी शर्ट वर केला असं म्हणालो. त्याने तो खाली ओढला असंही म्हणालो. त्यापुढचंही सांगून पूर्ण केलं. अनघा मागे दाराशी उभी होती, ती साक्षीदार.

पाच जण उठून गेले. एका बाईंनी डोळे पुसले. मला वाटलं, आता सगळेच उठतील. मी वाट बघत होतो. तेवढ्यात पुढच्या रांगेतले एक गृहस्थ, चांगले शिकलेले, सभ्य, हात वर करून विचारू लागले, की म्हणजे चूक शर्ट वर करण्यात झाली, तर मग शर्ट मुळात आत खोचावा की बाहेर ठेवावा?

आणि ताई, मी उत्तर दिलं. बाहेर ठेवावा, नेहमीपेक्षा एक माप मोठा घ्यावा, गडद रंगाचा, वाकल्यावर वर सरकणार नाही असा. सगळे लिहून घेत होते. मीही फळ्यावर लिहिलं. लिहून झाल्यावर मला माझाच आवाज ऐकू आला.

नंतर काही शिकवता आलं नाही. वर्ग तिथेच संपवला. यापुढे वर्ग घेणार नाही, असं मंडळाला कळवलं आहे. मसालेभात लोकांनी डब्यात भरून नेला.

वर्षश्राद्धाला येऊ का?

लोभ मागायला तोंड नाही.

निशिकांत

*

चोआ चू कांग,
१५ जुलै २०२६

चि. निशिकांत यास,
आशीर्वाद. वि. वि.

त्या गृहस्थांचं मला नवल वाटलं नाही. तुझं थोडं वाटलं. उत्तर दिलंस, हे लपवता आलं असतं. लपवलं नाहीस.

यंदा अधिक महिना आल्यामुळे तिथी पुढे गेली आहे. श्राद्ध ३१ तारखेला आहे. ये. अनघाला घेऊन ये.

अनघाचं पत्र मी पद्माकरला दाखवलेलं नाही. तो अजून तुझंच जुनं सांगणं खरं धरून बसला आहे. ते तू त्याच्यासमोर बसून सांगायचं आहेस, मी मध्ये पडणार नाही. तो काहीही विचारणार नाही. तेव्हा उत्तरं तयार करून आणू नकोस.

संजीवनी