तुझं न दिलेलं मत

प्रिय धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. एका अर्थी बरंच झालं. फोनवर मी आधी ओरडले असते, मग जेवलास का विचारलं असतं आणि मुद्द्याचं राहूनच गेलं असतं. पत्रात तुला मध्येच तोडता येणार नाही.

घर बरंचसं आवरून झालंय. ह्यांचे शर्ट तेवढे कपाटात तसेच आहेत. लेक म्हणाली, मी घड्या घालून ठेवते. मी म्हटलं, राहू दे. दुपारी घर फार मोठं वाटतं.

आपण दोघं सभागृहात समोरासमोर बसायचो याची लोकांना केवढी मजा वाटायची! पहिल्याच अधिवेशनात तू माझ्या भाषणात अडथळा आणलास आणि मी माईकवरूनच म्हणाले, ‘खाली बस, आधी नाक पूस.’ तुमचे, आमचे सगळे हसले, अध्यक्षांनाही आवरेना. आई दारातच बजावायची, राजकारण चपलांबरोबर बाहेर काढून या. तू काढून यायचास. मीच जेवताना उकरून काढायची, आणि हे तुझ्या ताटात वाढता वाढता हळूच म्हणायचे, ‘तू खा रे, हिचं भाषण लेखी मिळेल.’

ह्यांना दवाखान्यात ठेवलं आणि नेमका त्याच आठवड्यात विश्वासदर्शक ठराव आला. अध्यक्ष सोडले तर तुमचे एक्केचाळीस, आमचे चाळीस. तू दोन्हीकडच्या प्रतोदांना भेटून ठरवून आलास: ताई मतदानाला येणार नाही, तर मीही येणार नाही, म्हणजे फरक होता तेवढाच राहील. दोघांनीही मान डोलावली. मला वाटलं, भाऊ किती समजूतदार झालाय.

मतदानाच्या सकाळी तू माझ्याशेजारी दवाखान्यातल्या त्या पत्र्याच्या खुर्चीवर बसला होतास. तुझा फोन वाजायला लागला तो थांबेचना. तुमच्यातला एक जण ऐनवेळी फुटून आमच्या बाकावर येऊन बसला होता. तू पोचलास तर बरोबरी होऊन अध्यक्षांच्या मतावर सरकार तरणार, नाही पोचलास तर पडणार. विधानभवन पुलापलीकडेच होतं. मी म्हटलं, ‘जा रे. मी सोडलं तुला शब्दातून.’ तू फोन बंद करून खिशात टाकलास. म्हणालास, ‘ताई, शब्द तुला कुठे दिलाय? भावजींना दिलाय.’ मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलतोयस.

सरकार पडलं. संध्याकाळच्या आत तुझ्या पक्षानं तुला काढलं. ज्यांनी मान डोलावली होती तेच तुमचे प्रतोद टीव्हीवर म्हणाले, कसला शब्द, आम्हाला ठाऊक नाही. बहिणीला विकला गेला, म्हणाले. आमचेही काही कमी नाहीत. तू आतून आमचाच होतास असं सांगत सुटलेत, आणि मला मंत्रिपद देऊ केलंय, जणू तुला मीच वळवलं! तुझ्या बायकोचा फोन आला होता. पोरीला वर्गात ‘विकाऊ’ म्हणतात, ती शाळेत जायला तयार नाही म्हणाली. आणि तू मात्र तोंडातून अवाक्षर काढत नाहीस.

का काढत नाहीस ते मला माहीत आहे, धाकट्या. तू निघून गेल्यावर त्याच दुपारी ह्यांना जरा हुशारी आली होती. मी सांगितलं, सरकार पडलं. हे म्हणाले, ‘तुला इथेच थांबू दे म्हणून त्याला मीच गळ घातली होती. तू मत द्यायला गेलीस आणि तेवढ्यात मी गेलो तर? एकट्यानं जायची भीती वाटत होती. तुला विचारायचा धीर झाला नाही.’ दुसऱ्या दिवशी गेले, माझा हात धरून गेले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना मला ‘थांब’ म्हणायचा धीर होऊ नये, हे मला कळू नये म्हणून तू विकाऊ म्हणवून घेतोयस. त्यांनी विचारलं असतं तर मी थांबले असते का? मंत्रिपदाला मी नाही म्हणून कळवलंय. उद्या सभागृहात उभी राहून हे सगळं सांगणार आहे, ह्यांची भीतीसुद्धा. त्यांनी मला माफ करावं. पक्षानं बोलू नको म्हणून बजावलंय, तेव्हा मलाही काढतील. पेपरात पक्षांचे आकडे येतात ना, त्यात सगळ्यात खाली ‘इतर’ असतात. सध्या तिथे तू एकटा आहेस. उद्या ये. मागच्या बाकावर माझ्यासाठी जागा धर.

तुझीच,
ताई