इटालियन म्हातारीचं स्वयंपाकघर

प्रिय शेखरदादा,

तुझ्या त्या जुन्या इटालियन सिनेमाची नवी ब्ल्यू-रे डिस्क मागवली. भांडून घर सोडताना तू ठेवून गेलास त्या कॅसेटवर नुसत्या रेघा दिसायच्या, नंतरच्या डीव्हीडीत सगळंच करडं होतं. आता उन्हात उडणारं पीठसुद्धा दिसतं! एकटी म्हातारी कणीक मळते, दोन ताटं मांडते आणि खिडकीशी बसते. दहा मिनिटं कुणी बोलत नाही, तरी नजर हटत नाही. केवढी हिंमत त्या दिग्दर्शकाची!

काल दुपारी आई वांगी तोडून आली आणि माझ्याशेजारी टेकली. "यात काहीच होत नाय" म्हणून तुझा टीव्ही बंद करणारी आई शेवटपर्यंत जागची हलली नाही.

"हिचं पोरगं कुठं गेलं?" तिनं विचारलं.

"शहरात. भांडून."

सिनेमा संपला, तशी ती पुढं सरकली. मग म्हणाली, "परत लाव."

दुसऱ्यांदा बघून उठताना म्हणाली, "सायली, शेखरला यातलं काही लिहू नको. त्याला वाटंल, मी बोलावते."

मी हो म्हणाले. म्हणून हे पत्र कपाटातच राहील. डिस्क मात्र उद्या तुझ्या पत्त्यावर कुरिअर करते. डिस्कबद्दल मी आईला काही कबूल केलेलं नाही.

तुझीच,
सायली
मखमलाबाद, नाशिक