टाकीच्या झाकणावरची हळद

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी ते झाकण पुसलं ते बराबरच केलं, असं आजही म्हणतो. तोंडावर बोलायचं तेव्हा जमलं नाही, म्हणून आता लिहून राहिलो.

निजामाच्या अमलातले शेवटचे दिवस. मालकाचं पेट्रोलवरचं जुनं ट्रॅक्टर माझ्या हाती होतं. दम्यामुळं बापाचं रान सुटलेलं, घर माझ्याच पगारावर. वसमतच्या वाटेवरच्या रानात उन्हाळी नांगरट चाललेली. नांगराची दोन-चार तासं नीट ओढली की ट्रॅक्टर आचके देतंय आणि गप्प होतंय. मी टाकीत डोकावतो, नळी फुंकतो, गाळणी धुतो, झाकण लावतो. चालू होतं. वाटतं, जमलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मालक बांधावरून ओरडले, "बैल बसला तर शेपटी पिळता येती, ह्याचं काय पिळू? आज पुन्हा बंद पडलं तर उद्यापासून येऊ नको!"

तेवढ्यात तू भाकरी घेऊन आलीस. तेलात कालवलेलं हळदकुंकू टाकीच्या झाकणावर थापायला गेलीस. ट्रॅक्टरचं कपाळ तेच, हे तू पहिल्याच दिवशी ठरवलेलं, आणि रोज एक थर चढत होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते तुझ्या हळदीखाली बुजलेलं. आत हवा जाईना, म्हणून पेट्रोल उतरेना. झाकण उघडलं की हवा शिरायची, आणि मी समजायचो माझ्या फुंकण्यानं झालं.

"माय, इथं न्हाई लावायचं."

"काहून? देवाला जागा न्हाई का तुझ्या इंजिनात?"

"हवेला जागा न्हाई."

"मालकापुढं मायला शिकवून राहिला व्हय!"

मी बाभळीच्या काट्यानं भोक मोकळं केलं आणि फडक्यानं सगळं पुसून काढलं. तुझा चेहरा उतरला. "कुंकू पुसलंस. बाप जिता हाय रे तुझा," म्हणालीस आणि चालू लागलीस.

त्या दिवशी ट्रॅक्टर अडलं नाही. माझं काम राहिलं. बापही पुढं पुष्कळ वर्षं जगला, पण तुझा राग काही गेला नाही. नसो. तुझी माया खरी होती, पण इंजिनाचा श्वास मी तुझ्या शब्दाखातरही कोंडला नसता. आजही पुसीन.

हा कागद कुठं टाकणार? राहू दे पेटीत. एवढंच सांगतो, त्या दिवशी तू निघाल्यावरचं पहिलंच तास वाकडं गेलं. मालकाला म्हणालो, खडक लागला. खडक नव्हता, माय. तू मागं वळून बघतेस का, ते मी बघत होतो.