सेट तू लाव

सिस्टर, आज आपला जुना ऑटोक्लेव्ह गेला. हत्यारं वाफेत निर्जंतुक करणारा, दाराला मोठं चाक असलेला, जो तुम्ही दोन्ही हातांनी पिळून बंद करायचात तो. चार माणसांनी तो टेम्पोत चढवला आणि टेम्पो द्वारका चौकाकडे निघून गेला. आता नवीन मशीन आहे. त्याला पडदा आहे, बटणं आहेत, दारही ते स्वतःच लावून घेतं. शिकायला आलेल्या मुली गॅलरीतून बघत होत्या. त्यातल्या एकीने विचारलं, "मॅडम, तुम्हाला त्या जुन्यावर कोणी शिकवलं?" मी म्हटलं, होत्या एक सिस्टर. एवढंच म्हटलं आणि कामाला लागले. पण ते एवढंच म्हटलेलं दिवसभर आत टोचत राहिलं, म्हणून घरी येऊन चहा झाल्यावर हे लिहायला बसले आहे.

मी सुरगाण्याच्या पलीकडच्या पाड्यावरून आले होते, आधी जीपने, मग एसटीने. कोर्स ऑपरेशन थिएटरच्या कामाचा होता आणि पहिली पोस्टिंग तुमच्या विभागात लागली. थिएटरमधून रक्ताने माखलेली हत्यारं खाली यायची, ती धुवायची, तपासायची, कापडात बांधून वाफेत घालायची आणि निर्जंतुक करून परत वर पाठवायची. बरोबरच्या मुली त्याला भांडी घासायची पोस्टिंग म्हणायच्या. मला तसं वाटलं नाही, कारण मला तिथे सगळंच नवीन होतं. पहिल्याच दिवशी मी ट्रे उचलून गरम पाण्याच्या नळाखाली धरला, तर तुम्ही मागून येऊन नळ बंद केलात. "आधी थंड पाणी. गरम पाण्याने रक्त शिजतं आणि चिकटून बसतं." मग कात्रीच्या सांध्यात ब्रश कसा फिरवायचा ते दाखवलंत. मी म्हटलं, "लय बारीक हाय, सिस्टर. आतलं काय दिसत नाय." मुली हसल्या. माझ्या 'हाय-नाय'ला त्या नेहमीच हसायच्या. तुम्ही हसला नाहीत. "दिसत नाही म्हणूनच ब्रश आहे," एवढं म्हणालात आणि ब्रश माझ्या हातात दिलात.

तुमचं ओरडणं कधी मोठ्या आवाजात नसायचं. एकदा मी एका ऑपरेशनच्या हत्यारांचा सेट बांधून टेबलावर ठेवला, चारही कोपरे नीट दुमडले, टेप लावली, मनातून खूश होते. तुम्ही तो सोडलात. रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा, ज्याला आपण नुसतं आर्टरी म्हणतो, तो उचलून माझ्यापुढे धरलात. "तोंड बघ तिचं." मी ती घट्ट मिटून ठेवली होती, कारण मिटलेली छान दिसते. "मिटलेल्या तोंडात वाफ शिरत नाही. बाहेर टेपला वाफ लागून काळ्या रेघा येतील, सगळ्यांना वाटेल झालं. आत तसंच राहील. आणि सर्जन ती उघडेल कुठे? पेशंटच्या पोटात." मग सगळा सेट पुन्हा लावायला लावलात आणि होईपर्यंत शेजारी उभ्या राहिलात. तुमच्या पांढऱ्या साडीला नेहमी साबणाचा आणि थोडा जळक्या सुताचा वास यायचा, गरम कापडाचा. अजून इस्त्रीवाल्याच्या गाडीजवळून जाताना मी पाऊल हळू टाकते.

आणि मग तो दिवस. मला ताप होता. तुम्ही कपाळाला हात लावलात, म्हणालात, "मेसचं तिखट नको खाऊस. चल घरी, मऊ भात खा आणि झोप." तुमच्या स्कूटीवर मागे बसून मी पंचवटीत आले. तुमच्या घरी परगावचे लोक श्राद्धाला उतरायचे, विधी तुमचे यजमान करायचे आणि स्वयंपाक सासूबाई, सुट्टी असली की त्यांच्या हाताशी तुम्ही. पितृपक्ष चालू होता. ते तुमच्या लक्षात नव्हतं की होतं, हे मला कधीच कळलं नाही. मी चपला काढून तुमच्या मागोमाग आत निघाले, तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, "कोण गं ती? कुठली?"

"आमच्याकडे शिकते. सुरगाण्याकडची आहे," तुम्ही म्हणालात.

त्या दारात आल्या. सोवळं नेसलेल्या, हातात पळी. त्या रागावल्या नाहीत, हे खरंच. मला म्हणाल्या, "बाळ, तू ओट्यावर बस. आत सोवळ्यातलं चाललंय." मी दाराबाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. तुम्ही वरणभाताचं ताट बाहेर आणून ठेवलंत. मला वाटलं, आता बसाल शेजारी. तुम्ही उभ्या होतात, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतात, मग आत गेलात. मी जेवले. भूक होतीच. मग नळावर माझं ताट घासलं, तुम्ही शिकवलं होतंत तसं, कडा, मागची बाजू, सगळं, आणि ओट्यावर पालथं घालून चालत हॉस्टेलला गेले. गोदावरीच्या पुलावर उलटी झाली. तापानेच झाली असणार.

दुसऱ्या दिवशी तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसलात, माझ्या डब्यातली नागलीची भाकर, गावच्या नाचणीच्या पिठाची मी हॉस्टेलवर भाजलेली, मोडून घेतलीत आणि तुमची पोळी माझ्या डब्यात टाकलीत. त्यानंतर रोज. तुम्हाला नागली आवडत नव्हती. घशाखाली उतरवायला तुम्ही पाणी प्यायचात ते मला दिसायचं. मी मात्र रोज वाट बघायची की आज काहीतरी म्हणाल.

पावसाळा उलटल्यावर सासूबाईंना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आपल्याकडेच आणलं. सकाळच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. विभागातल्या मावशी तुम्हाला म्हणाल्या, "घरचं माणूस आहे, सिस्टर. सेट तुम्हीच लावा."

"माझा हात आज घाई करेल," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे वळलात. "सेट तू लाव."

मनात काही आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं. ओटा आला, ताट आलं. मला हेही वाटलं की तुम्ही हे माझ्यासाठी करताय की त्यांच्यासाठी, की तुमच्याच मनासाठी. पण एकदा आर्टरी हातात घेतली की हात आपलं काम करतात. एकेक हत्यार उजेडात धरलं, सांधे बघितले, धार बघायला कात्रीने गॉजचं कापड कापून पाहिलं, सगळ्यांची तोंडं उघडी ठेवली. तुम्ही खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या होतात. माझं झाल्यावर वळलात आणि सेट न सोडताच ऑटोक्लेव्हमध्ये ठेवलात. माझा सेट तुम्ही न बघता घेतलात तो पहिल्यांदा.

दोन दिवसांनी मला वॉर्डात घेऊन गेलात. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. तुम्ही सरळ म्हणालात, "आई, तुमच्या पोटात जी हत्यारं गेली ती हिने धुतली, हिने बांधली." शेजारच्या पेशंटची सून आमच्याकडे बघायला लागली. सासूबाई उशीवरून सावरून बसल्या. मग मला म्हणाल्या, "हात बघू." मी हात पुढे केले. त्यांनी ते धरून उलटेसुलटे पाहिले. "साबणाने भेगा पडल्यात की. खोबरेल लावत जा." बस, तेवढंच. बाहेर आल्यावर तुम्ही जिन्यात थांबून डोळे पुसलेत. मला वाटलं, आता बोलाल. तुम्ही म्हणालात, "चल, मशीनला दुपारचा लोड लावायचाय."

मी इथेच नोकरीला लागले, वर्षं गेली, आणि मग महिनाभराच्या दुखण्यात तुम्ही गेलात. रिटायर होऊन अंगणात मोगरा लावणार होतात. तेरावं झाल्यावर मी पंचवटीत गेले. बाहेरच्या खोलीत माणसं होती, म्हणून मी ओट्यापाशीच थांबले. सासूबाईंनी आतून मला पाहिलं. "तिथे काय उभी? आत ये, इकडे बोलता येत नाही." मी त्यांच्या मागे गेले, ती थेट स्वयंपाकघरात. त्या पाटावर बसल्या, गुडघा चोळत म्हणाल्या, "मला उठवत नाही. माठातलं पाणी तूच घे."

मी घेतलं. प्यायले.

मग त्या म्हणाल्या, "तुझ्यापायी मला लय काम पडलं गं." त्या 'लय' म्हणाल्या, बहुतेक माझ्यासाठी. "तू ओट्यावर जेवून गेलीस ना, त्या दिवशी सून जेवली नाही. आणि त्यानंतर तिने सोवळं नेसलं नाही. म्हणाली, 'माझ्या विद्यार्थिनीला जे आत येऊ देत नाही ते मी नेसणार नाही.' इतकी वर्षं श्राद्धाचा स्वयंपाक एकटीने ओढला मी. लय हट्टी." त्या कुरकुरत होत्या आणि रडत होत्या. मी त्यांच्याजवळ बसून राहिले.

सिस्टर, हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा एक सांगून टाकते. माझा राग सासूबाईंवर कधी नव्हता. तुमच्यावर होता. त्या दिवशी त्या पाटाशेजारी तो पुष्कळसा गेला. थोडा अजून आहे. तुम्ही घरात एवढं केलंत आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत. तुमच्याशी भांडायला एवढं तरी शिल्लक आहे, याचं मला बरंच वाटतं.